रोटाव्हायरसची लस: प्रौढांचा आकडा मोठा का दिसतो आणि बाळाचा लहान का

प्रश्न असा आहे: लहान मुलांना तीव्र जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस निरोगी प्रौढांना दिली, तर त्यांच्या रक्तात बाळांपेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडे (विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिने) सापडतात. मग ज्याची प्रतिकारशक्ती अजून घडते आहे अशा दीड महिन्याच्या बाळाला ही लस देण्यात काय अर्थ? मूल जरा मोठे झाल्यावर का देऊ नये? आणि प्रौढांवर केलेल्या चाचण्यांवरून बाळांबद्दल काही ठरवता येते का?

मी बालरोग विभागात आणि लशींच्या चाचण्यांमध्ये बरीच वर्षे काम करते आहे. हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात आणि कधीकधी इतर शाखांचे डॉक्टरही विचारतात. आधी थोडक्यात उत्तर देते. प्रौढाला लस दिल्यावर आपण मोजतो ती त्याच्या शरीराची जुनी आठवण. बाळाला लस दिल्यावर मोजतो ती विषाणूशी झालेली पहिली ओळख. चाचणी तीच, एकक तेच, पण मोजली जाणारी गोष्ट वेगळी. त्यामुळे प्रौढाचा प्रतिसाद ‘चांगला’ आणि बाळाचा ‘कमकुवत’ अशी सरळ तुलना मला मान्य नाही. पुढे सविस्तर सांगते.

रोटाव्हायरस १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याच्या तुकड्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हा विषाणू इतका सर्वव्यापी आहे की पाच वर्षांचे होईपर्यंत जगातल्या जवळपास प्रत्येक मुलाला त्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो. देश श्रीमंत असो वा गरीब, नळाचे पाणी शुद्ध असो वा नसो. त्यानंतरही आयुष्यभर अधूनमधून तो भेटत राहतो; बहुतेक वेळा आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणजे लशीच्या चाचणीत भाग घेणारा तीस वर्षांचा निरोगी माणूस ‘कोरा’ नसतो. त्याच्या रक्तात आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे असतात, आतड्याच्या आतल्या थरावर आयजीए या प्रकारची असतात, आणि जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या) व टी पेशी (संसर्ग झालेल्या पेशींशी लढणाऱ्या) वर्षानुवर्षे तयारीत बसलेल्या असतात.

आता लस काय आहे ते पाहा. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सगळ्या रोटाव्हायरस लशी जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूच्या आहेत. त्या आतड्यात थोड्याफार वाढल्या तरच प्रतिकारशक्ती नीट जागी होते. प्रौढाच्या आतड्यात मात्र लशीच्या विषाणूला बाळाइतके वाढायला वावच मिळत नाही. आधीची आयजीए त्याला पेशींपर्यंत पोचण्याआधीच अडवते. थोडे विषाणू पोचलेच, तर स्मृतिपेशी काही दिवसांत जाग्या होऊन प्रतिपिंडे वाढवतात. आपल्याला रक्तात दिसते ती ही वाढ.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका बाळाच्या रक्तात लशीपूर्वी रोटाव्हायरसविरुद्धची आयजीए मोजण्याइतकीही नव्हती आणि दोन डोसांनंतर ती ८० एकके झाली. शेजारच्या नळीत एका प्रौढाचे रक्त आहे. लशीपूर्वी ३०० एकके, नंतर ४००. कोणाचा प्रतिसाद मोठा? आकडा पाहिला तर प्रौढाचा. पटीत पाहिले तर बाळाचा. बाळांच्या अभ्यासात साधारणपणे २० एककांची रेषा धरतात: आधी तिच्या खाली आणि नंतर वर, म्हणजे बाळाने प्रतिसाद दिला. प्रौढांपैकी बहुतेक जण लस घेण्याआधीच या रेषेच्या वर असतात, त्यामुळे ती रेषा त्यांना लागूच पडत नाही. त्यांच्यात दुप्पट किंवा चौपट वाढ झाली का, हे पाहावे लागते. आणि ज्याची पातळी आधीच उंच आहे त्याला दुप्पट होणे अवघड जाते. कोणताही शोधनिबंध वाचताना मी सगळ्यात आधी लशीपूर्वीची पातळी शोधते. ती दिलेली नसेल, तर पुढच्या आलेखांवर फार विसंबत नाही.

प्रौढांवरचा एक अभ्यास इथे उपयोगी आहे. २०१८ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी साठहून अधिक निरोगी प्रौढांना रोटाव्हायरसची लस दिली. त्याआधी काहींना फक्त व्हँकोमायसिन हे एक प्रतिजैविक, काहींना अनेक प्रतिजैविके एकत्र, तर काहींना काहीच दिले नाही. आतड्यातले जीवाणू बदलले तर लशीचा प्रतिसाद बदलतो का, हे त्यांना पाहायचे होते. २८ व्या दिवशी तिन्ही गटांतली आयजीए सारखीच निघाली. पण सातव्या दिवशी दुप्पट वाढ झालेल्यांचे प्रमाण व्हँकोमायसिनच्या गटात जास्त होते, आणि प्रतिजैविके घेतलेल्या दोन्ही गटांत शौचातून लशीचा विषाणू जास्त बाहेर पडला. प्रयोग नेटका होता. एक महत्त्वाची गोष्टही त्याने दाखवली: आतड्यातले जीवाणू आणि लशीचा विषाणू यांचे काहीतरी नाते आहे. पण म्हणून बाळांना लशीआधी प्रतिजैविक द्यावे असे कोणी त्यातून काढले, तर ते साफ चूक ठरेल. सातव्या दिवशी वाढलेली ती आयजीए स्मृतिपेशींची होती, आणि बाळाकडे त्या स्मृतिपेशी नसतातच.

१९८० च्या दशकात प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम रोटाव्हायरस पाजून केलेले प्रयोगही आहेत. त्यांतून दोन गोष्टी कळल्या. अगदी मोजक्या विषाणूकणांनीही संसर्ग होऊ शकतो. आणि संसर्ग झालेल्या प्रत्येकाला जुलाब होत नाहीत. ज्यांच्यात प्रतिपिंडे जास्त, ते बहुधा आजारापासून वाचत होते, पण रक्तातल्या कुठल्याही एका आकड्यावर बोट ठेवून ‘याच्या वर सुरक्षित’ असे म्हणता येत नव्हते. आजही येत नाही.

आता बाळाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

सहा आठवड्यांच्या बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लशीचे थेंब हळूहळू सोडले जातात. पोटातल्या आम्लाने विषाणू मरू नये म्हणून बहुतेक लशींमध्ये किंवा लशीच्या अगदी आधी आम्ल शमवणारे द्रावण दिलेले असते. थेंब लहान आतड्यात पोचतात. तिथल्या केसांसारख्या बारीक उंचवट्यांच्या टोकाशी असलेल्या पेशींत विषाणू शिरतो आणि वाढू लागतो. या पेशी तशाही काही दिवसांनी झडणाऱ्या असतात. लशीचा विषाणू मूळ विषाणूइतके नुकसान करत नाही. पहिल्या डोसानंतर साधारण आठवडाभराने बाळाच्या शीमध्ये लशीचा विषाणू सगळ्यात जास्त सापडतो. पालक कधीकधी हे ऐकून घाबरतात, पण मला त्यात चांगली बातमी दिसते: लस रुजली. त्याच सुमारास रक्तातून काही बी पेशी जाताना सापडतात, ज्यांच्या पृष्ठभागावर आतड्याकडे परतण्याची खूण असलेला एक रेणू असतो. त्या आतड्याच्या भिंतीत जाऊन बसतात, आयजीए बनवणाऱ्या पेशी होतात, आणि ती आयजीए आतड्याच्या पोकळीत सोडली जाते. रक्तात आपण मोजतो ती या सगळ्याची सावली.

हे सगळे बाळाच्या शरीरात पहिल्यांदाच घडत असते, आणि तेही यंत्रणा पूर्ण उभी राहिलेली नसताना. जन्मतः आतड्याच्या भिंतीत आयजीए बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात. जन्मानंतरच्या आठवड्यांत, आतड्यात जीवाणू वस्तीला आले की त्या दिसू लागतात. रक्तातली एकूण आयजीए प्रौढांच्या पातळीला पोचायला तर कित्येक वर्षे जातात. ज्या ठिकाणी बी पेशी घासूनपुसून धारदार होतात, ती लसिकाग्रंथींमधली केंद्रे या वयात नुकती आकार घेत असतात. म्हणून बाळाची प्रतिपिंडे संख्येने कमी असतात, विषाणूला कमी घट्ट चिकटतात, आणि पुन्हा आठवण करून दिली नाही तर लवकर उतरतात. एकाऐवजी दोन किंवा तीन डोस देण्यामागे हेही एक कारण आहे.

या विषयातले मला सर्वांत आवडलेले काम मात्र वेगळेच चित्र दाखवते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० च्या दशकात बाळांच्या आणि प्रौढांच्या रक्तातून रोटाव्हायरसच्या व्हीपी६ या प्रथिनाला चिकटणाऱ्या बी पेशी एकेक करून वेगळ्या केल्या आणि त्या पेशी प्रतिपिंड बनवायला कोणते जनुकखंड वापरतात ते तपासले. व्हीपी६ हे विषाणूच्या मधल्या थरातले, सगळ्यात मुबलक प्रथिन. अपेक्षा अशी होती की बाळ आणि प्रौढ वेगवेगळी साधने वापरत असतील. निघाले उलटेच. दोघांच्याही पेशी एकाच जनुकखंडाकडे, व्हीएच१-४६ कडे, मोठ्या प्रमाणात झुकलेल्या होत्या. म्हणजे बाळाचे शरीर पहिल्याच भेटीत विषाणूसाठी योग्य हत्यार निवडते. फरक होता तो धारेत. प्रौढांच्या पेशींमध्ये त्या जनुकखंडात पुष्कळ बारीक बदल साठलेले होते, बाळांच्या पेशींमध्ये फार थोडे. या बदलांमुळे प्रौढांची प्रतिपिंडे व्हीपी६ ला अधिक काळ धरून ठेवतात आणि अधिक परिणामकारक ठरतात, हे पुढच्या कामात दिसले. त्यामुळे ‘बाळाची प्रतिकारशक्ती कच्ची’ हे वाक्य मी जपून वापरते. निवड पक्की असते. धार यायची बाकी असते, आणि ती पुढच्या भेटींनी येते.

व्हीपी६ बद्दल एक गोष्ट वाचकांना खटकेल. हे प्रथिन विषाणूच्या बाहेरच्या थराखाली दडलेले असते, मग त्याविरुद्धची प्रतिपिंडे विषाणूला थांबवणार कशी? आयजीए आतड्याच्या पेशीतून पलीकडे नेली जाते तेव्हा वाटेत, पेशीच्या आतच ती विषाणूला गाठू शकते. उंदरांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या कामात याचे चांगले पुरावे आहेत. बाहेरच्या थरातल्या व्हीपी४ आणि व्हीपी७ या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे विषाणूला थेट निष्क्रिय करतात. प्रौढांच्या आतड्यातल्या बी पेशींवरच्या अभ्यासात व्हीपी४ च्या एका भागाविरुद्ध, व्हीपी५ विरुद्ध, अशी प्रतिपिंडे सापडली जी अनेक प्रकारच्या रोटाव्हायरसवर चालतात. अनेक संसर्गांतून मिळालेली ही रुंदी एकाच डोसानंतर बाळाकडून मागणे अन्यायाचे आहे.

टी पेशींबद्दल थोडक्यात. संसर्गानंतर इंटरफेरॉन-गॅमा (विषाणूविरुद्ध इशारा देणारे प्रथिन) बनवणाऱ्या, रोटाव्हायरस ओळखणाऱ्या टी पेशी प्रौढांच्या रक्तात सापडतात, लहान मुलांमध्ये त्या फार कमी किंवा न मोजण्याइतक्या असतात. वय हे कारण असेल, आणि बऱ्याच पेशी रक्तात न फिरता आतड्यात बसलेल्या असतात हेही असेल. रक्तावरून आतड्याचा अंदाज काढण्याची मर्यादा इथे सगळ्यात जास्त जाणवते.

बाळ आणि प्रौढ यांच्यातला सगळ्यात मोठा फरक माझ्या मते बाळाच्या पेशींत नसून आईकडून आलेल्या गोष्टींत आहे. गर्भात असतानाच वारेतून आईची आयजीजी बाळाच्या रक्तात येते. दर तीन आठवड्यांनी ती साधारण निम्मी होत जाते, पण सहाव्या आठवड्यात ती बऱ्यापैकी शिल्लक असते. ज्या आईला आयुष्यात रोटाव्हायरस वारंवार भेटला आहे, तिची पातळी जास्त, म्हणून बाळाकडेही जास्त. ही आयजीजी बाळाला सुरुवातीचे आठवडे सांभाळते आणि त्याच वेळी लशीच्या विषाणूलाही अडवते. प्रौढात जुनी स्वतःची प्रतिपिंडे लशीच्या आड येतात, बाळात आईची. फरक एवढाच, आणि तो फार मोलाचा आहे, की प्रौढाच्या प्रतिपिंडांमागे जागी होणारी स्मृती असते; बाळाला मिळालेल्या आईच्या प्रतिपिंडांमागे बाळाची स्वतःची कुठलीही स्मृती नसते. ती विरून गेली की संरक्षण संपले.

म्हणून पहिला डोस जरा उशिरा द्यावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो तपासलाही गेला आहे. घानामध्ये ६ आणि १० आठवड्यांना दोन डोस दिल्यावर सुमारे २९ टक्के बाळांनी आयजीएचा प्रतिसाद दिला. १० आणि १४ आठवड्यांना दिल्यावर सुमारे ३७ टक्क्यांनी. तिन्ही वेळा दिल्यावर सुमारे ४३ टक्क्यांनी. पाकिस्तानातल्या अशाच चाचणीत मात्र वेळापत्रक बदलून फारसा फरक पडला नाही. म्हणजे उशीर केल्याने थोडा फायदा कुठे कुठे होतो, पण तो सगळीकडे होत नाही.

आईच्या दुधाबद्दलही हाच विचार झाला. दुधात आयजीए आणि विषाणूला रोखणारे इतर घटक असतात, मग लशीच्या आधी-नंतर तासभर अंगावर पाजू नये का? दक्षिण आफ्रिका, भारत आणि पाकिस्तान इथल्या चाचण्यांत याचा काही फायदा दिसला नाही. तेव्हा लशीच्या दिवशी बाळाला उपाशी ठेवू नका. नेहमीसारखे पाजा. रडणाऱ्या, भुकेल्या बाळाला थेंब देणे तर आणखी कठीण जाते.

यानंतर साखरेच्या रेणूंचा मुद्दा येतो, आणि इथे बाळ प्रौढापेक्षा पुढे असू शकते. रोटाव्हायरस आतड्याच्या पेशींवरच्या साखरेच्या साखळ्यांना धरून आत शिरतो. यातल्या काही साखळ्या रक्तगटाशी नाते सांगणाऱ्या आहेत आणि त्या एफयूटी२ या जनुकावर अवलंबून असतात. ज्यांच्यात हे जनुक काम करत नाही, त्यांच्या आतड्यात नेहमीच्या पी[८] प्रकारच्या विषाणूला धरायला जागा कमी. अशा बाळांमध्ये पी[८] प्रकारची लस कमी रुजते, आणि अशी मुले त्या प्रकारच्या आजारालाही कमी बळी पडतात. त्यामुळे लशीचा प्रतिसाद कमी दिसला की लगेच लशीचे अपयश असा निष्कर्ष काढू नये.

नवजात बाळाच्या आतड्यात या साखळ्या अजून पूर्ण बनलेल्या नसतात; त्यांची आधीची, साधी रूपे जास्त असतात. काही रोटाव्हायरस नेमके या साध्या रूपांना धरतात. १९८० च्या दशकात दिल्लीत नवजात बाळांमध्ये असा एक विषाणू सापडला, ११६ई. तो बाळांच्या आतड्यात वाढत होता पण त्यांना आजारी पाडत नव्हता. त्यावरूनच पुढे रोटाव्हॅक ही लस बनली. मेलबर्नमध्येही नवजात बाळांत असाच विषाणू मिळाला होता. त्यावरून बनलेली आरव्ही३-बीबी लस इंडोनेशियात जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सुरू करून पाहिली. २०१८ मध्ये आलेल्या निकालांत १८ महिन्यांपर्यंत गंभीर आजारापासूनचे संरक्षण नवजात वेळापत्रकात ७५ टक्के आणि नेहमीच्या वेळापत्रकात ५१ टक्के होते. वय जितके कमी तितका लशीचा परिणाम कमी, हे गृहीतक यातून पार मोडीत निघते. लशीचा विषाणू कोणता आणि त्या वयाचे आतडे त्याला कसे स्वीकारते, हे पाहावे लागते.

बाळाबाळांतला फरक तर बाळ-प्रौढ फरकाइतकाच मोठा आहे. एकच लस लॅटिन अमेरिका आणि फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीत गंभीर आजारापासून सुमारे ८५ टक्के संरक्षण देते. दक्षिण आफ्रिकेत सुमारे ७७ टक्के. मलावीत सुमारे ४९ टक्के. आईच्या प्रतिपिंडांची पातळी, एकाच वेळी दिलेले पोलिओचे थेंब, आतड्याची सततची सूज, कुपोषण, इतर आतड्यातले विषाणू, साखळ्यांचे जनुक, हे सगळे थोडे थोडे वजन टाकतात. पोलिओच्या थेंबांमुळे पहिल्या डोसाचा आयजीए प्रतिसाद काहीसा घटतो, तरीही दोन्ही एकत्र देणेच योग्य, कारण वेळा वेगळ्या केल्या की बाळे सुटतात.

आयजीएचा आकडा हा संरक्षणाचा ढोबळ निर्देशक आहे, ताजवा नाही. लोकसंख्येच्या पातळीवर आयजीए जास्त तिथे संरक्षण जास्त, हे नाते टिकते. एका बाळाच्या बाबतीत ते टिकत नाही. रोटाव्हॅकच्या दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथल्या चाचणीत आयजीएत चौपट वाढ झालेली बाळे सुमारे ४० टक्केच होती, पण पहिल्या वर्षातले गंभीर आजारापासूनचे संरक्षण सुमारे ५६ टक्के निघाले. म्हणून लशीनंतर बाळाचे रक्त तपासून ‘लस लागली का’ हे पाहावे का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. त्या आकड्यावरून काहीही करायचे नसते. उगाच एक टोचणी आणि पालकांना महिनाभराची चिंता.

आता ‘मोठे झाल्यावर का देऊ नये’ याकडे येते. कारण रोटाव्हायरस वाट पाहत नाही. पहिला संसर्ग सगळ्यात धोक्याचा असतो, आणि तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत होतो. जिथे मुले सर्वाधिक दगावतात तिथे तर पहिल्या वर्षातच. २०१३ च्या सुमारासही या आजाराने जगात वर्षाला पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुले दगावत होती. मेक्सिकोमध्ये जन्मापासून सुमारे २०० मुलांवर लक्ष ठेवून केलेल्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन संसर्ग होऊन गेलेल्या एकाही मुलाला नंतर मध्यम किंवा तीव्र आजार झाला नाही. वेल्लोरमधल्या ३७३ मुलांच्या अभ्यासात तीन संसर्गांनंतरही असे संरक्षण ७९ टक्केच होते. लस म्हणजे त्यातले पहिले एक-दोन संसर्ग, पण आजाराशिवाय. ते खऱ्या विषाणूच्या आधी घडले पाहिजेत. नंतर घडून उपयोग नाही. प्रौढात ते घडतात ते विषाणू वीस-तीस वर्षे पुढे निघून गेल्यावर.

वेळेचे दुसरे कारण आतड्यात आतडे सरकून अडकण्याचे, म्हणजे इंटससेप्शनचे. १९९८ साली अमेरिकेत आलेली रोटाशील्ड ही पहिली लस पुढच्याच वर्षी बाजारातून काढली गेली, कारण साधारण दहा हजार बाळांमागे एका बाळाला हा त्रास झाला, आणि तो पहिला डोस उशिरा मिळालेल्या बाळांत जास्त होता. इंटससेप्शनचा नैसर्गिक धोका काही महिन्यांच्या वयात वाढतो, सहा-आठ आठवड्यांत तो सगळ्यात कमी असतो. त्यानंतर आलेल्या रोटारिक्स आणि रोटाटेक या दोन लशींची प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर तपासणी झाली ती या धड्यामुळे. आज हा धोका दर लाख बाळांमागे साधारण एक ते सहा इतका मानतात, तोही मुख्यतः पहिल्या डोसानंतरच्या आठवड्यात. त्या आठवड्यात बाळ अचानक थांबून थांबून कळवळून रडू लागले, हिरवी उलटी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसले, तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. अनेक देशांत पहिला डोस १५ आठवड्यांच्या आत देतात. जिथे या आजाराने मृत्यू जास्त होतात तिथे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ही अट सैल केली, कारण उशिरा आलेल्या बाळाला लस नाकारण्याचा तोटा मोठा होता.

मग प्रौढांवरच्या चाचण्या निरुपयोगी का? अजिबात नाही. नवी लस आधी प्रौढांना, मग चालत्या-बोलत्या मुलांना आणि शेवटी तान्ह्या बाळांना देतात, हा क्रम सुरक्षिततेसाठी आहे आणि तो मी कधीही मोडू देणार नाही. प्रौढांच्या चाचणीतून मात्रा सहन होते का, काही गंभीर घडते का, आणि प्रतिपिंडे मोजण्याची पद्धत नीट चालते का, हे कळते. बाळ किती वाचेल हे कळत नाही. स्नायूत टोचायच्या पी२-व्हीपी८ या लशीचा प्रवास पाहा. प्रौढांत ती चांगली गेली, दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांत आणि बाळांतही तिने रक्तातली आयजीजी चांगली वाढवली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र ती तोंडावाटे लशीपेक्षा सरस ठरत नव्हती, म्हणून चाचणी थांबवण्यात आली. रक्तातला चांगला आकडा आणि आतड्यातले संरक्षण यांच्यात अजून अंतर आहे.

प्रौढांना ही लस द्यायची का, असा एक उपप्रश्न राहतो. कुठल्याही देशात प्रौढांसाठी ती मंजूर नाही. रोटाव्हायरस वृद्धांना, क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णांना आणि आजारी मुलांची सेवा करणाऱ्यांना कधीकधी गाठतो, पण बहुतेक निरोगी प्रौढांत आजार सौम्य असतो. आणि बाळांना लस दिल्याने प्रौढांचेही रक्षण होते: अमेरिकेत बाळांचे लसीकरण सुरू झाल्यावर रुग्णालयातल्या प्रौढांच्या शौचतपासणीत रोटाव्हायरस सापडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले.

घरात कोणी कर्करोगाचे औषध घेत असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले असेल, तरी बाळाची लस चुकवू नका. पहिल्या डोसानंतर काही दिवस शक्यतो त्या व्यक्तीने बाळाचे लंगोट बदलू नयेत, आणि जो बदलेल त्याने साबणाने हात नीट धुवावेत. बाळाला स्वतःला जन्मजात तीव्र प्रतिकारक्षमतेचा अभाव असेल किंवा आधी इंटससेप्शन झालेले असेल, तर मात्र ही लस देत नाहीत. वेळेआधी जन्मलेल्या बाळालाही प्रकृती स्थिर असेल तर जन्मतारखेपासूनचे वय धरूनच डोस द्यावा, कारण आईची आयजीजी त्याला पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा कमी मिळालेली असते आणि विषाणूपासूनचे त्याचे आधीचे संरक्षणही तितकेच तोकडे असते.